रेडिओ-नियंत्रित मोठ्या पाणबुडी प्रतिकृतीची उभारणी : तत्त्वे, मापन आणि ग्रामीण महाविद्यालयातील उपयोजन

प्रस्तावना

पाणबुडी हा शब्द वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात वाचलेला असतो. पाणबुडी मात्र त्याने पाहिलेली नसते. कारंजा तालुक्यातील धनज परिसरापासून अरबी समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे नौकाशास्त्र हा आपला विषय नव्हे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आणि काही अंशी अध्यापकांमध्येही रूढ झालेला दिसतो. वस्तुतः पाणबुडीच्या मुळाशी असलेली आर्किमिडीजचे तत्त्व, द्रवाचा दाब, गुरुत्वमध्य, विद्युतचुंबकीय लहरींचे शोषण ही सर्व तत्त्वे पदवीच्या अभ्यासक्रमात आपण शिकवतोच. ती शिकवताना फळ्यावर सूत्र लिहिले जाते, उदाहरण सोडवले जाते आणि विषय संपतो. त्या सूत्रातील एखादी राशी चुकली तर प्रत्यक्षात काय होते, याचा अनुभव विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही.

रेडिओ-नियंत्रित पाणबुडीची प्रतिकृती ही उणीव भरून काढू शकते. आगबोटीची किंवा विमानाची प्रतिकृती प्रदर्शनातील टेबलावर ठेवली की तिचे काम भागते. पाणबुडीच्या प्रतिकृतीची परीक्षा मात्र पाण्यातच होते आणि ती परीक्षा निर्दय असते. पन्नास ग्रॅमची चूक तिला तळाशी नेऊ शकते. याच कारणामुळे अध्यापनाचे साधन म्हणून तिचे मोल मोठे आहे.

उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) सुमारे दोन मीटर लांबीच्या रेडिओ-नियंत्रित पाणबुडी प्रतिकृतीमागील भौतिक तत्त्वांचे विवेचन करणे.
(२) भारतीय नौदलाच्या कलवरी श्रेणीतील पाणबुडी आधारभूत मानून प्रतिकृतीची मापे गणिताने काढणे.
(३) पश्चिम विदर्भातील उपलब्ध साहित्य, कारीगरी आणि पाणी यांचा विचार करून अशा प्रकल्पाची व्यवहार्यता तपासणे.
(४) सुरक्षिततेच्या अटी निश्चित करणे.

लेखाची पद्धती विवेचनात्मक असून मूळ पाणबुडीची सार्वजनिक मापे घेऊन त्यांवरून केलेली आकडेमोड हा तिचा आधार आहे. लेख विज्ञान शाखेबाहेरील अध्यापकांनाही वाचता यावा, यासाठी सूत्रांपेक्षा अर्थावर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

पाण्याखालून प्रवास करण्याची कल्पना जुनी आहे. कॉर्नेलियस ड्रेबेल याने इ.स. १६२० च्या सुमारास टेम्स नदीत वल्ह्यांनी चालणारी बुडी-नौका चालवून दाखवली. रेडिओ नियंत्रणाचा प्रारंभ १८९८ चा. त्या वर्षी निकोला टेस्ला याने न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेविना नियंत्रित होणारी छोटी नाव लोकांसमोर चालवली. या दोन प्रवाहांचा संगम म्हणजे आपला विषय होय.

भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सेवेत दाखल झाली. म्हणूनच ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ होय. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली. त्यानंतर याच गोदीत फ्रेंच आराखड्यानुसार कलवरी श्रेणीतील सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांपैकी पहिली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी, तर सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी सेवेत दाखल झाली.

या श्रेणीतील दुसऱ्या पाणबुडीचे नाव ‘खांदेरी’. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या बेटावर दुर्ग उभारण्यास प्रारंभ केला आणि ज्याच्यासाठी इंग्रजांशी समुद्रात झुंज दिली, त्याच बेटाचे हे नाव आहे. तिसरी पाणबुडी ‘करंज’ १० मार्च २०२१ रोजी सेवेत आली. कारंजा (लाड) शी असलेल्या नामसाधर्म्यामुळे आपल्या भागातील विद्यार्थी या नावाशी लगेच जवळीक साधतात. परंतु हे नाव मुंबईच्या दक्षिणेकडील, उरणजवळच्या करंजा बेटावरून आले आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. या सोहळ्यास प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित असलेले ॲडमिरल व्ही. एस. शेखावत हे १९७१ च्या युद्धात जुन्या ‘करंज’चे कप्तान होते.

प्रतिकृती ही केवळ छंदाची वस्तू नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. विशाखापट्टणम येथील नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत जहाजांच्या आणि पाणबुड्यांच्या प्रतिकृती कुंडात ओढून त्यांचा रोध मोजला जातो. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून धरणे, बंदरे व नद्या यांच्या प्रतिकृतींवर संशोधन करीत आले आहे. अमेरिकेचे नौदल तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आयडाहो राज्यातील पेंड ओरेल या खोल सरोवरात पाणबुड्यांच्या मोठ्या प्रतिकृतींची चाचणी घेते. तेथील ‘कटथ्रोट’ ही मानवरहित प्रतिकृती सुमारे ३४ मीटर लांब आणि २०५ टन वजनाची आहे. समुद्र जवळ नसणे ही पाणबुडीच्या अभ्यासातील अडचण नव्हे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

प्रमाणाचे गणित

कलवरी श्रेणीतील पाणबुडीची लांबी ६७.५ मीटर, दाबरोधक कवचाचा व्यास ६.२ मीटर, पृष्ठभागावर विस्थापन १६१५ टन आणि पाण्याखाली १७७५ टन आहे. आपण १:३२ हे प्रमाण निवडू. लांबी ३२ ने भागली असता २.११ मीटर येते आणि व्यास १९.४ सेंटिमीटर येतो.

वजनाचा हिशेब वेगळा आहे. विद्यार्थी येथे हमखास १७७५ ला ३२ ने भागतात. घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून भागाकार ३२ च्या घनाने, म्हणजे ३२,७६८ ने करावा लागतो. उत्तर येते ५४.२ किलोग्रॅम. हे उत्तरही अद्याप पूर्ण नाही. मूळ पाणबुडी समुद्राच्या पाण्यात तरंगते आणि त्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक असते. आपल्या शेततळ्यातील गोड्या पाण्यासाठी हा आकडा ५२.८ किलोग्रॅम होतो. तेराशे-चौदाशे ग्रॅमचा हा फरक दुर्लक्षिला, तर समुद्रासाठी अचूक असलेली प्रतिकृती तळ्यात दगडासारखी बुडेल.

गतीचे प्रमाण आणखी वेगळे आहे. पृष्ठभागावर चालताना पाणबुडीभोवती उठणाऱ्या लाटा मूळ पाणबुडीसारख्याच दिसाव्यात, अशी इच्छा असेल तर गती ३२ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५.६६ ने भागावी लागते. हा फ्राउडचा नियम होय. पृष्ठभागावर ११ नॉट म्हणजे सेकंदाला ५.६६ मीटर ही मूळ गती प्रतिकृतीत बरोबर सेकंदाला १ मीटर इतकी होते. माणसाच्या सावकाश चालण्याची ही गती आहे. लांबी, वजन आणि गती या एकाच वस्तूच्या तीन राशी. परंतु त्या ३२, ३२,७६८ आणि ५.६६ अशा तीन वेगवेगळ्या भाजकांनी लहान होतात, हा या प्रकल्पातील पहिला आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

प्रतिकृती मोठी का असावी, याचेही उत्तर या गणितातच आहे. १:१०० प्रमाणातील प्रतिकृती ६७.५ सेंटिमीटर लांब आणि पावणेदोन किलोची होते. एवढ्याशा वजनात बॅटरी, मोटार, पाण्याची टाकी आणि इलेक्ट्रॉनिक मंडले बसवणे हे घड्याळजीचे काम ठरते. शिवाय पाण्याच्या चिकटपणाचा प्रभाव लहान प्रतिकृतीवर तुलनेने जास्त पडतो. प्रतिकृती मोठी होत जाते, तसतशी ती मूळ पाणबुडीसारखी वागू लागते. मात्र दोन मीटरपलीकडे वजन दोन-तीन माणसांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून १:३२ हे प्रमाण महाविद्यालयासाठी योग्य वाटते.

कवच : ओले आणि कोरडे

प्रतिकृतीच्या रचनेचे दोन प्रकार आहेत. संपूर्ण बाह्य कवच जलाभेद्य ठेवले तर त्याला कोरडी रचना म्हणता येईल. तिच्यात ५२.८ किलो वजन आपल्यालाच भरावे लागते आणि कवचाच्या दोन मीटर लांबीच्या सांध्यातून कोठेही पाणी झिरपण्याचा धोका असतो. दुसऱ्या रचनेत बाह्य कवचात पाणी मुक्तपणे शिरू दिले जाते आणि यंत्रसामग्री आतील एका जलाभेद्य नळीत ठेवली जाते. ही ओली रचना होय. कवचात शिरलेल्या पाण्याचे वजन त्याच्यावरील प्लावक बलाने आपोआप तोलले जाते. त्यामुळे ते पाण्यात भार होत नाही. सांध्यांची जोखीमही केवळ नळीच्या दोन टोकांपुरती उरते. पहिल्या प्रयत्नासाठी ओली रचनाच स्वीकारावी.

या नळीसाठी बाहेरून काही मागवण्याची गरज नाही. सिंचनासाठी आपल्या भागात सर्वत्र वापरला जाणारा १६० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप १९.४ सेंटिमीटर व्यासाच्या कवचात नेमका बसतो. १.२ मीटर लांबीचा असा पाइप सुमारे २४ लिटर पाणी विस्थापित करतो. कवचाचे साहित्य, पंखा, सुकाणू आदींचे घनफळ त्यात मिळवले तर एकूण विस्थापन ३० लिटरच्या आसपास जाते. म्हणजे प्रतिकृतीचे कोरडे वजन ३० किलोच्या जवळपास ठेवावे लागेल. दोन विद्यार्थी ती सहज उचलू शकतील.

तीन मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो असतो. हा आकडा किरकोळ भासतो. परंतु १६० मिलिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजेच त्या झाकणावर ६० किलोचा भार येतो. पाइपावर ‘६ किलो’ असे छापलेले असते, ते आतून येणाऱ्या दाबासाठी. बाहेरून येणाऱ्या दाबाने नळी चेपण्याची क्रिया वेगळी असते आणि तिला लागणारा दाब बराच कमी असतो. तीन मीटरपर्यंत हा पाइप पुरेसा सुरक्षित आहे. त्यापेक्षा खोल पाण्यासाठी आतून कड्या बसवून त्याला आधार द्यावा.

झाकणाच्या खाचेत बसणारी रबरी ओ-रिंग आणि पंख्याच्या दांड्यावरील ऑइल सील या दोन गोष्टींवर प्रतिकृतीचे आयुष्य अवलंबून आहे. या बाबतीत पुस्तकापेक्षा अनुभवी कारागिराचा सल्ला अधिक मोलाचा ठरतो. विहिरीतील आणि बोअरमधील सबमर्सिबल पंपाची दुरुस्ती करणारे मेकॅनिक आपल्या प्रत्येक मोठ्या गावात आहेत. फिरत्या दांड्याजवळून पाणी आत येऊ न देणे, हाच त्यांचा रोजचा व्यवसाय आहे. त्यांना प्रयोगशाळेत सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून हे काम शिकावे.

बाह्य कवचासाठी थर्मोकोल किंवा लाकडाचा साचा तयार करून त्यावर काचतंतू आणि रेझिनचे थर द्यावेत. थर देताना आणि घासताना नाका-तोंडावर मास्क व हातात मोजे अनिवार्य मानावेत.

बुडणे आणि वर येणे

पृष्ठभागावर असताना जलरेषेच्या वर असलेल्या भागाचे घनफळ जेवढे, तेवढेच पाणी टाकीत घेतले की पाणबुडी बुडते. मूळ पाणबुडीच्या दोन विस्थापनांतील फरक १६० टन आहे. प्रमाणानुसार प्रतिकृतीत तो ४.८ लिटर येतो. ओल्या रचनेत मात्र जलरेषेवरील पोकळीतील पाणी स्वतःहून निथळते. त्यामुळे केवळ कवचाच्या आणि शिखरभागाच्या साहित्याचे घनफळ मोजावे लागते. टाकी त्याहून लहान चालते.

टाकी भरण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत मोटारीने मागेपुढे सरकणारा दट्ट्या पाणी ओढतो आणि ढकलतो. मोठी सिरिंजच म्हणा. दुसऱ्या पद्धतीत पंपाने पाणी आत-बाहेर केले जाते. तिसऱ्या पद्धतीत दाबाखालील वायूने पाणी बाहेर फेकले जाते. दट्ट्याची पद्धत अचूक, पण कारागिरीला कठीण. वायूची पद्धत वेगवान, पण महाविद्यालयात दाबयुक्त सिलिंडर हाताळणे इष्ट नाही. पंपाची पद्धत आपल्याला सर्वांत जवळची आहे. शेतकऱ्यांच्या बॅटरीवरील फवारणी पंपात १२ व्होल्टचा जो छोटा डायफ्रॅम पंप असतो, तो या कामास येतो. तो एकाच दिशेने पाणी ढकलतो. त्यामुळे आत घेण्यासाठी एक आणि बाहेर टाकण्यासाठी दुसरा, असे दोन पंप बसवावेत. कीटकनाशकासाठी वापरलेला जुना पंप मात्र घेऊ नये.

याखेरीज टाकीचा आधार न घेता बुडण्याचाही एक मार्ग आहे. प्रतिकृती पाण्यापेक्षा किंचित हलकी ठेवून, पुढे जाताना तिच्या आडव्या पंखांना खाली झुकवले की पाण्याचा प्रवाहच तिला खाली दाबतो. मोटार बंद पडली की ती आपोआप वर येते. प्रथम याच पद्धतीने चालवून पाहणे शहाणपणाचे आहे.

संपूर्ण तोललेली प्रतिकृती किती नाजूक असते, याचे एक उदाहरण पुरे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याची घनता दर घनमीटरला ९९८.२ किलो, तर ३० अंशाला ९९५.७ किलो असते. ३० लिटर विस्थापनासाठी हा फरक ७५ ग्रॅमचा होतो. जानेवारीच्या सकाळी तोललेली प्रतिकृती एप्रिलच्या दुपारी त्याच तळ्यात बुडू लागते. म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी पाण्याचे तापमान मोजून तोल नव्याने साधावा.

समतोल

पाण्याखाली गेलेल्या वस्तूचा समतोल एकाच गोष्टीवर टिकतो : गुरुत्वमध्य प्लावनमध्याच्या खाली असणे. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या नावेला जलरेषेच्या आकाराचाही आधार मिळतो. पाणबुडीला तो खाली जाताच गमवावा लागतो.

३० किलो वजनाच्या प्रतिकृतीत हे दोन बिंदू २ सेंटिमीटर अंतरावर आहेत असे मानू. ती १० अंशांनी कलली तर तिला पूर्ववत आणणारे आघूर्ण सुमारे १ न्यूटन-मीटर असते. हीच प्रतिकृती निम्म्या मापाची केली तर वजन आठ पटींनी आणि अंतर दोन पटींनी घटते. आघूर्ण सोळा पटींनी कमी होते. लहान प्रतिकृती पाण्यात लडबडतात आणि मोठ्या डौलाने चालतात, याचे कारण हेच.

लांबीच्या दिशेतील समतोल अधिक बेभरवशाचा असतो. अडीच किलोची एखादी बॅटरी नळीत ५ सेंटिमीटर पुढे घसरली, तर प्रतिकृतीचे नाक सुमारे १२ अंशांनी खाली जाते. तेवढ्या कलावर पंखा तिला सरळ तळाकडे नेतो. म्हणून बॅटऱ्या तळाशी पट्ट्यांनी घट्ट आवळाव्यात. टाकी मध्यभागी आणि आखूड ठेवावी. कारण अर्धवट भरलेल्या लांब टाकीतील पाणी ज्या बाजूला कल असेल त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या प्रत्येक स्त्रीला हे भौतिकशास्त्र ठाऊक असते.

मागील आडवे पंख स्वयंचलित ठेवण्यासाठी कल मोजणारा संवेदक आणि आर्डुइनोसारखे मंडल वापरता येते. खोली मोजण्यासाठी दाबाचा संवेदक लावावा. एक मीटर पाणी म्हणजे ९.८ किलोपास्कल, इतके सोपे हे रूपांतर आहे.

पाण्याखालील रेडिओ

या प्रकल्पातील सर्वाधिक उद्बोधक भाग रेडिओचा आहे. आज बाजारात मिळणारी बहुतेक सर्व रेडिओ-नियंत्रण साधने २.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेवर चालतात. विमानासाठी ती उत्तम, पाणबुडीसाठी निरुपयोगी. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि अन्नातील पाण्याने लहरी शोषल्यामुळेच अन्न तापते. या वारंवारतेची लहर पाण्यात जेमतेम ४ सेंटिमीटर जाताच तिची तीव्रता मोठ्या प्रमाणात घटते. प्रतिकृती बुडताच संपर्क तुटतो.

त्यामुळे जुन्या २७ मेगाहर्ट्‌झ पट्ट्याकडे वळावे लागते. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त आहे. या वारंवारतेवर लहर किती खोल जाईल, हे पाण्याच्या विद्युतवाहकतेवर ठरते. वाहकता दर सेंटिमीटरला ५०० मायक्रोसीमेन्स असेल, तर लहरीचा आयाम एक मीटरमध्ये सुमारे एक-तृतीयांश उरतो. संग्राहक पुरेसा संवेदनशील असल्यास तीन मीटर खोल तळ्यात हे चालून जाते. पावसाच्या पाण्याने भरलेल्या शेततळ्यात परिस्थिती याहून अनुकूल असते. परंतु आपल्या शेजारच्या अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा विचारात घ्या. तेथील विहिरीच्या पाण्याची वाहकता ३००० मायक्रोसीमेन्स धरली, तर तेच अंतर जेमतेम २० सेंटिमीटरवर येते. समुद्राच्या पाण्यात ते ५ सेंटिमीटर असते. खारपाणपट्टा हा आपण शेतीचा आणि आरोग्याचा प्रश्न म्हणून ओळखतो. त्याच क्षारांचा परिणाम रेडिओ लहरींवर मोजता येतो, ही गोष्ट विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगोल यांच्यातील भिंती किती पातळ आहेत हे दाखवून देते.

खऱ्या पाणबुडीपुढेही हाच प्रश्न असतो. म्हणून नौदल अतिनिम्न वारंवारता वापरते. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे त्यासाठीचे केंद्र १९९० पासून आहे. १५ किलोहर्ट्‌झच्या लहरीचा आयाम समुद्राच्या पाण्यात सुमारे दोन मीटरला एक-तृतीयांश होतो. बलाढ्य प्रक्षेपकाच्या जोरावर ती काही मीटर खोल असलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचते.

२७ मेगाहर्ट्‌झचा संच उपलब्ध न झाल्यास २.४ गिगाहर्ट्‌झचा संग्राहक एका छोट्या तरंगत्या डबीत ठेवून तो बारीक तारेने प्रतिकृतीशी जोडावा. काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात अर्ध्या मीटरवरील वस्तूही दिसत नाही; अशा वेळी तरंगती डबी प्रतिकृतीचा ठावठिकाणा सांगते, हा तिचा दुसरा लाभ.

ऊर्जा आणि सुरक्षितता

कलवरी श्रेणीतील पाणबुडीत प्रत्येकी ७५० किलो वजनाचे ३६० बॅटरी घट असतात. म्हणजे २७० टन; पाणबुडीच्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा. ३२,७६८ ने भागल्यास ८.२ किलो येतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेच्या तीन शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे वजन साधारण इतके भरते. खऱ्या पाणबुडीच्या रचनाकारांनी साधलेला तोल प्रतिकृतीतही आपल्या कामी येतो. सेकंदाला १ मीटर गतीसाठी दहा-वीस वॅट शक्ती पुरते. परंतु गती दुप्पट करण्यासाठी शक्ती आठपट लागते, हे विसरू नये.

बॅटरी हेच पाणबुडीचे बळ आणि हाच तिचा धोका. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही पाणबुडी ४४ नौसैनिकांसह बेपत्ता झाली. त्यापूर्वी तिने कळवलेली शेवटची अडचण होती वायुवीजन मार्गातून समुद्राचे पाणी बॅटरीपर्यंत पोहोचून झालेल्या लघुपरिपथनाची. एका वर्षाने तिचे अवशेष सापडले. प्रतिकृतीत कोणाचा जीव गुंतलेला नसतो. परंतु पाणी आणि बॅटरी यांच्यामधील भिंत किती गांभीर्याने बांधायची असते, हे विद्यार्थ्याला या घटनेवरून कळावे.

व्यवहारात पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन बाहेर पडतो. म्हणून बंद नळीत बॅटरी कधीही चार्ज करू नये. मुख्य तारेवर फ्यूज असावा. नळीच्या तळाशी दोन उघड्या तारांचा गळती-सूचक बसवावा. पाण्याने त्या जोडल्या जाताच टाकी रिकामी होऊ लागावी. रेडिओ संपर्क तीन सेकंद तुटल्यास मोटार थांबून टाकी रिकामी होण्याची व्यवस्था मंडलातच असावी.

सर्वांत मोठा धोका मात्र प्रतिकृतीत नसून तळ्यात आहे. शासकीय योजनेतील ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे चाचणीसाठी आकाराने उत्तम असते. पण त्याच्या उतारावरील प्लॅस्टिकचा कागद ओला झाल्यावर इतका निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. म्हणून प्रतिकृती बुडाली तरी तिच्यासाठी कोणीही पाण्यात उतरणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. प्रतिकृतीला कायम मजबूत दोरी बांधावी. काठावर दोरखंड, हवा भरलेली ट्यूब आणि पोहणारा प्रौढ मनुष्य असावा. अडाण प्रकल्पासारख्या मोठ्या जलाशयात चाचणी घेऊ नये. पन्नास किलोमीटरवरून आलेल्या पालकांना उत्तर देण्याची वेळ कोणत्याही अध्यापकावर येऊ नये. कोणत्याही प्रतिकृतीचे मोल त्याहून मोठे नाही.

चाचणीचा क्रम

(१) रिकामी नळी दगड बांधून सिमेंटच्या हौदात चोवीस तास बुडवून ठेवावी आणि आत घातलेला कोरडा कागद तपासावा.
(२) सर्व सामग्री भरून हौदातच तोल साधावा. शिशाचे तुकडे तळाशी लावून प्रतिकृती किंचित हलकी ठेवावी.
(३) टाकी दहा वेळा भरून आणि रिकामी करून वेळ नोंदवावी.
(४) संपर्क मुद्दाम तोडून ती वर येते का, हे पाहावे.
(५) हे चारही टप्पे पूर्ण झाल्यावरच, दोरी बांधून, तळ्यात एक मीटर खोलीपर्यंत चालवावी.
प्रत्येक टप्प्याची नोंद तारीख व तापमानासह वहीत व्हावी. खरे प्रात्यक्षिक या वहीतच असते.

अध्यापनातील स्थान

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे विकत आणलेला संच किंवा बांधणी करून आणलेली वही, असे स्वरूप येत आहे. तयार संचाला पारितोषिक मिळते, पण तो विद्यार्थ्याला प्रश्न विचारत नाही. पाणबुडीची प्रतिकृती मात्र प्रत्येक टप्प्यावर उत्तर मागते. वाशिम हा २०१८ पासून देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. येथील विद्यार्थ्यांना महागडी प्रयोगशाळा मिळेल तेव्हा मिळो. परंतु सिंचनाचा पाइप, फवारणी पंप, पंप दुरुस्तीचा कारागीर आणि पाण्याने भरलेले तळे या गोष्टी त्यांच्याभोवती आजच आहेत. त्यांचा शास्त्रीय उपयोग करून घेणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे.

निष्कर्ष

१. दोन मीटर लांबीची, १:३२ प्रमाणातील पाणबुडी प्रतिकृती ग्रामीण महाविद्यालयात स्थानिक साहित्यातून उभारणे शक्य आहे.
२. ओली रचना, मध्यवर्ती जलाभेद्य नळी आणि किंचित हलका तोल ही पहिल्या प्रयत्नासाठी सर्वांत सुरक्षित योजना होय.
३. मोठी प्रतिकृती समतोलाच्या दृष्टीने लहान प्रतिकृतीपेक्षा श्रेष्ठ ठरते.
४. रेडिओ संपर्कासाठी २७ मेगाहर्ट्‌झ पट्टा किंवा तरंगता संग्राहक आवश्यक असून पाण्याची वाहकता आधी मोजली पाहिजे.
५. बॅटरी आणि शेततळे हे दोन धोके ओळखून आखलेली शिस्त हाच प्रकल्पाचा पाया आहे.
६. स्थानिक कारागिरांचे ज्ञान महाविद्यालयीन अध्यापनात सामावून घेण्याची संधी असा प्रकल्प देतो.

समारोप

पाणबुडी बांधणाऱ्या माझगाव डॉकमधील अभियंत्यापुढे आणि शेततळ्याच्या काठी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न एकच असतो : वजन आणि प्लावक बल समान झाले का? उत्तर पाणीच देते आणि ते दोघांनाही सारखेच देते. विज्ञानाची ही समता आपल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवास यावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.